दोन डब्यांच्या मधली

मी बोलतेय ती मधली. त्या घरातली मुलगी नव्हे. तिलाही मधलीच म्हणतात, आणि पुढचा बराचसा घोटाळा त्यातूनच झाला. मी वायर. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बसवलेल्या पांढऱ्या डब्यातून निघायचं आणि आतल्या खोलीतल्या काळ्या डब्यात शिरायचं, एवढंच माझं जग. रंगाने राखाडी, करंगळीहून बारीक. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, कपाटामागे नाहीतर पलंगाखाली, धुळीत पडलेली. नेट गेलं की तुम्ही डब्यांवर थापा मारता. तिची आठवण तेव्हाही होत नाही.

बोलायची मला सवय नाही. दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे न्यायचं, त्यात आपला शब्द घालायचा नाही, हे जन्मापासून शिकवलेलं. शिवाय मी भित्री. केरसुणी जवळून गेली तरी मी अंग चोरते, कारण केरसुणीमागून हात येतो आणि हात आला की हिसका आलाच. तेव्हा सांगता सांगता मध्येच थबकले तर समजून घ्या.

जन्मले मी एका मोठ्या कारखान्यात. केसासारख्या बारीक तांब्याच्या आठ तारा, जोडीजोडीने एकमेकींना पीळ घातलेल्या. एका जोडीचं बोलणं दुसरीच्या कानावर पडू नये म्हणून तो पीळ. एकाच कातडीत राहायचं आणि एकमेकींच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही. ही व्यवस्था किती शहाणपणाची आहे ते मला माणसांच्या घरात आल्यावर कळलं. एका बाईने माझ्या दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या चढवल्या आणि यंत्राची मूठ दाबली. कट्ट असा आवाज झाला. मी दचकले, ती आजतागायत दचकतेच आहे. मग तिने मला तपासणीच्या पेटीला लावलं, ओळीने दिवे लागले. "ही चांगलीये," ती शेजारणीला म्हणाली आणि पुढची उचलली. माझ्याबद्दल कोणी बरं बोलल्याचे प्रसंग दोनच, त्यातला हा पहिला.

दुकानातून मला घरी आणलं ते बाबांनी. बाबा म्हणजे त्या घरातले कर्ते. पांढरा डबा त्यांचा, कारण नेटची जोडणी त्यांच्या नावावर. बाहेरून एक काचेची तार येऊन त्या डब्यात शिरते. तिच्यातून म्हणे उजेड वाहतो, आणि त्या उजेडातून सगळं जग घरात येतं. काळा डबा आईचा. थोरली लेक लग्न होऊन लांब गेली, तेव्हा आईला आपल्या खोलीत बसून तिचं तोंड बघता यावं म्हणून तिने तो पाठवला होता. पांढऱ्याने घरात आणायचं आणि काळ्याने हवेतून सगळ्यांना वाटायचं, अशी कामाची वाटणी. दोघांच्या मध्ये मी.

डबे जोडायला आलेला माणूस म्हणाला होता, "काका, ही हातभर कमी पडतेय. चौकटीवरून न्यायला लांब वायर लागेल."

"एवढ्यासाठी दुसरी कुठे आणायची? दाराच्या फटीतून घे."

"दार लावलं की चेपेल हो."

"दार कोण लावतंय इथे," बाबा म्हणाले.

म्हणून मी बिजागरीच्या बाजूच्या फटीतून आत गेले. अर्धी बाहेर, अर्धी आत, आणि कंबर दारात. बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन्ही खोल्यांच्या मधलं ते दार कधी लागत नसे. दार लावून बसणं म्हणजे काहीतरी लपवणं, असं बाबांचं मत होतं. आईचं मत काय होतं ते बाबांनी कधी विचारलं नाही, कारण ते दोघं एकमेकांशी बोलतच नसत.

थोरलीच्या लग्नाच्या धामधुमीत कोणीतरी कोणाला तरी चारचौघांत "तुला काय कळतंय त्यातलं" असं म्हणालं होतं. दोघांचंही ठाम मत होतं की ते आपल्यालाच ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून अबोला. आदळआपट नाही, भांडी फोडणं नाही, सगळं कसं शिस्तीत. फक्त वाक्य सरळ जायचं नाही. ते मुलीमार्फत जायचं.

"मधले, तुझ्या आईला विचार, आज चहा मिळणार आहे का."

आई ओट्याशीच उभी. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ.

"मधले, सांग त्यांना, कप समोरच ठेवलाय. डोळे उघडा म्हणावं जरा."

मग मधली बाबांकडे वळायची. "बाबा, कप समोर आहे."

डोळ्यांचं वाक्य ती वाटेत गाळून टाकायची. मला तिचा तेवढा हेवा वाटायचा. मला वाटेत काही गाळता येत नाही. एका टोकाला जे आलं ते जसंच्या तसं दुसऱ्या टोकाला. ती मात्र दोघांची अर्धीअधिक वाक्यं स्वतःच्या पोटात ठेवून घ्यायची. इतकी वर्षं, इतकी वाक्यं. कुठे ठेवत असेल कोण जाणे. जेवतानाही तिची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. थोरलीला सासर होतं, धाकटा वसतिगृहात राहून शिकत होता. मधलीला ना सासर ना वसतिगृह. ती या दोघांच्या मध्ये होती.

शिकलेली होती ती. ग्रंथालयशास्त्राची पदवी होती, अधूनमधून कुठेतरी बदली म्हणून काम केलेलं. अशात तिला दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेकडून बोलावणं आलं. संस्थेच्या ग्रंथालयात सहायकाची जागा, आणि आवारातच राहायला खोली. खोलीचे फोटो तिने थोरलीला दाखवले. "ताई, हे बघ, दाराला आतून कडी आहे," ती म्हणाली. थोरली हसली. तिला ती गंमत वाटली. मी त्या दोघींच्या मधूनच तर चालले होते. मला नाही वाटली.

मुलाखत पडद्यावरच होणार होती. ते पुस्तकांची एक विस्कटलेली यादी पडद्यावर टाकणार, हिने ती त्यांच्यासमोर लावून दाखवायची, म्हणून लॅपटॉप लागणार. फोनवर ते जमण्यासारखं नव्हतं. ही जागा मिळाली तर ती त्या घरातून सुटणार होती. नाही मिळाली तर चहा मिळणार आहे का ते विचारत राहणार होती.

बाबा म्हणाले, "इथेच बस की बाहेर. टीपॉय आहे, पंखा आहे. आम्ही काय खातो का तुला?"

"बाबा, ते काही वैयक्तिक विचारतील."

"घरच्यांपासून वैयक्तिक?" हे बाबांनी पंख्याला विचारलं.

आईने आतून आपलं घोडं पुढे दामटलं. "मधले, सांग त्यांना, पोरीला बोलू देत म्हणावं जरा." आणि मग मधलीलाच, हळूच, "पण लांब आहे गं ते."

मधलीने आईला बाहेर बसवलं आणि दार लावलं. मी जीव मुठीत धरला. पण झालं असं की माझ्यामुळे दार पूर्ण लागलंच नाही. बोटभर उघडं राहिलं. कंबरेला चिमटा बसला खरा, पण सोसवणारा. शब्द जात होते, येत होते. पलीकडच्या बाई आवाजाने मऊ होत्या. पुस्तकांचे प्रश्न झाले, यादी लावून झाली. मधलीचा आवाज मी कधी इतका मोकळा ऐकला नव्हता. कोणाचा निरोप नाही, स्वतःचंच बोलणं.

मग बाईंनी विचारलं, "घर सोडून इतक्या लांब यायला तयार आहात. घरचे काय म्हणतात? आणि तुम्हाला का यायचंय?"

मी बिजागरीत अडकलेली. त्यामुळे दाराच्या दोन्ही बाजू मला कळतात. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चपला न घालता आले, आणि खांदा आणि कान दाराला लावला. बोटभर उघडं असलेलं दार मिटलं. माझ्या आत काहीतरी तुटल्यासारखं झालं. आठातली एक.

पडद्यावर मधलीचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजला. आत ती "हॅलो, हॅलो, माझा आवाज येतोय का" म्हणत राहिली. हॅलो ऐकल्यावर बाबा सावरले आणि पावलं न वाजवता खुर्चीत जाऊन बसले. दार परत सैल झालं, माझी तुटलेली तार तुटलेल्या टोकाला चिकटली. पण ताटातूट झाली की दोन डब्यांना एकमेकांची ओळख पटायला वेळ लागतो, माणसांसारखाच. तोवर पलीकडचे लोक पुढच्या उमेदवाराकडे वळले होते.

मधली बाहेर आली. पांढऱ्या डब्यावर सगळे दिवे हिरवे.

"नेट गेलं होतं," ती म्हणाली.

"इथे तर सगळं लागलेलं आहे," बाबा म्हणाले. वर्तमानपत्रातून मान वर न काढता.

तिने त्यांना लिहून कळवलं, माफी मागितली. बाई भल्या असाव्यात. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा वेळ देऊ, पण ती शेवटची, असं त्यांनी कळवलं. त्या आठवड्यात घरात जे चाललं त्याला माणसं दुरुस्ती म्हणतात.

पहिला उपाय सगळ्यांना ठाऊक असलेला. बंद करून चालू. पांढरा बंद, काळा बंद, दोन्ही बंद, आधी हा, मग तो. मग बाबांचा आवडता उपाय, हलवून बघणं. ते डबा हलवत आणि दरवेळी हिसका मला बसे.

मग कंपनीचा माणूस आला. हेल्मेट काखेत, हातात एक छोटं यंत्र. त्याने काचेची तार काढून यंत्राला लावली.

"लाइट एकदम व्यवस्थित येतोय तुमच्याकडे."

"लाइट येतेच आहे," बाबा म्हणाले. "पंखा चालू आहे ना. मी नेटचं विचारतोय."

"काका, हा लाइट वेगळा. तारेतला उजेड."

"उजेड पण आहे. प्रश्न तो नाही."

मधलीला हसू आलं, ते तिने दाबलं. कंपनीचा माणूस हेल्मेट घालता घालता म्हणाला, "आमच्या डब्यापर्यंत सगळं ओके आहे. पुढचं तुमचं." आणि त्याने हात झटकले.

पुढचं म्हणजे काळा डबा. "मधले, तुझ्या आईला सांग, तिच्या डब्यात बिघाड आहे. कंपनीचा माणूस सांगून गेला." असं तो काही म्हणाला नव्हता.

"मधले, त्यांना सांग, माझ्या लेकीने पाठवलेला डबा आहे. फुकटात भिंतीवर येऊन बसलेला नाही."

मधलीने यातलं काहीच पोहोचवलं नाही. तिने काळा डबा पिशवीत घातला आणि दुकानात नेला. दुकानदाराने तो तिथे लावून बघितला. काही बिघाड नव्हता. "आमचा डबा बरोबर आहे ताई, कंपनीचंच काहीतरी असणार," तो म्हणाला. आता आईची पाळी. "मधले, सांग त्यांना." डबे आपले गुपचूप बसलेले. माणसांनी मात्र आपापल्या डब्याची बाजू अशी लावून धरली, जणू अब्रूचा प्रश्न.

माझ्यावर संशय आला तो फक्त मधलीला. एकदा दुपारी ती खाली बसली, मला फटीतून अलगद ओढून काढलं, फडक्याने पुसलं. इतक्या हळू मला कोणी हात लावला नव्हता. तिने मला जमिनीवर सरळ अंथरलं, एक टोक पांढऱ्या डब्यात, दुसरं थेट लॅपटॉपमध्ये, आणि थोरलीला फोन लावला. तासभर गप्पा झाल्या. एकदाही अडखळले नाही मी. सरळ पडलेली असताना माझ्या तुटक्या तारेची टोकं एकमेकांना धरून बसत होती. "वायर चांगलीये," मधली म्हणाली, आणि मला परत त्याच फटीत घातलं. मग काळा डबा लावूनही बघितलं, दार नुसतं लोटूनही बघितलं. सगळं चालू. दाराला कोणी टेकल्यावर काय होतं, हे कोणाच्या मनात कशाला येईल?

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण वायरीचं ओरडणं म्हणजे काय, तर बंद पडणं. तेही मला आपल्या मनाने करता येत नाही.

आणखी एक संधी आली होती. तीही सांगते, कारण तिचं मला आजही हसू येतं आणि हसून झाल्यावर बरं वाटत नाही. मधली आंघोळीला गेलेली असताना बाबांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. स्पीकरवर. पलीकडची मुलगी एकसुरात प्रश्न विचारत होती.

"सर, दोन्ही डबे बंद करून चालू केलेत का?"

"दहादा केले."

"दोन्हीच्या मधली तपासलीत का, सर?"

"मधलीला काय तपासायचं?" बाबा म्हणाले. "ती घरातच असते."

"मधली सैल पडली असेल तर असं होतं, सर. बऱ्याच घरांत मधलीचाच प्रॉब्लेम असतो."

"ते मला सांगू नका. आम्ही तिला काही कमी केलेलं नाही."

"मधली बदलून बघा, सर."

बाबांनी फोन ठेवला. आई ओट्याशी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिलाही उमगलं नव्हतं, पण ती चिडली मात्र नव्हती, घाबरल्यासारखी दिसत होती. मधली केस पुसत आली तेव्हा बाबा म्हणाले, "कंपनीवाले म्हणतात तूच काहीतरी चुकीचं दाबतेस." मधलीने टॉवेल खांद्यावर टाकला आणि विचारलं नाही की नेमकं काय म्हणाले. निरोप आणण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि तिच्यासाठी आलेला एकुलता एक निरोप असा पोहोचला.

दुसऱ्या मुलाखतीच्या दिवशी तिने सकाळपासून काही खाल्लं नाही. दोघांना वेगवेगळं सांगितलं, तासभर फक्त. "आई, तू भांडी नंतर घास." "बाबा, टीव्ही लावू नका." दोघंही हो म्हणाले. दोघंही अगदी शहाण्यासारखे बसले. तिने दार लोटलं. बोटभर उघडं, गेल्या वेळेसारखं. मी स्वतःला शक्य तेवढं घट्ट धरून ठेवलं.

बाईंनी यादीचं काही विचारलं नाही. "ते गेल्या वेळी झालंय. तो एकच प्रश्न राहिला होता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला घर सोडून इथे का यायचंय?"

बाबा उठले. आणि ओट्याकडून आईही उठली. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं. इतक्या वर्षांत ती दोघं इतकी जवळ उभी राहिलेली मी बघितली नव्हती. बाबांनी कान वर लावला, आईने खाली. एकाच वेळी टेकली दोघं. सगळा भार माझ्या कंबरेवर.

मधलीचं उत्तर मी ऐकलं. मी दारातच होते, अक्षर न् अक्षर ऐकलं. तिने आधी एक श्वास घेतला आणि म्हणाली, "कारण या घरात मी." इतकं माझ्यातून गेलं. तेवढंच पलीकडे पोहोचलं. पुढचं माझ्या मोडलेल्या तारेपाशी येऊन थांबलं. पडदा थिजला हे कळायच्या आधी ती बोलून गेली होती. स्वतःला काय हवंय ते तिने तोंडातून काढलेलं पहिल्यांदाच होतं आणि ज्यांच्यासाठी होतं त्यांना ते मिळालं नाही. निदान तुम्हाला तरी देते.

"कारण या घरात मी दुसऱ्यांचं बोलणं नेऊन पोहोचवते. तिथे पुस्तक मागायला येणारी माणसं स्वतःच्या तोंडाने मागतील. मला तेवढंच हवंय."

दाराबाहेरच्या दोघांनीही ते ऐकलं. दार जाड नव्हतं. आईने पदर तोंडावर धरला. बाबा तिथेच उभे राहिले, टेकलेले, गेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ. बहुधा अजून काही ऐकू येईल म्हणून. तोवर पलीकडच्या लोकांनी वाट बघितली. मग तेही गेले.

मधली बाहेर आली तेव्हा आई पाटीतल्या भाजीकडे बघत होती, बाबा वर्तमानपत्राकडे. दोन्ही डब्यांवर हिरवे दिवे.

"झालं?" बाबांनी विचारलं.

ती परत आत गेली आणि लॅपटॉप मिटला. जागा दुसऱ्या कोणालातरी दिल्याचं पत्र नंतर आलं, चार ओळींचं, सभ्य भाषेत.

तिने स्वतःच मग तो सुरुवातीचा जोडणीवाला शोधून काढला. आता गरज काय, असं बाबा म्हणाले. "तुम्हाला बातम्या बघायच्या असतात ना," ती म्हणाली. तो माणूस आला, डब्यांकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. सरळ दाराशी बसला, मला चिमटीत धरून वर उचललं आणि वाकवलं. कंबरेत मी चपटी झाले होते. कातडी फाटून आतलं तांबं दिसत होतं.

"हे बघा. मी तेव्हाच बोललो होतो. मधली चेपलीये."

"दार लावलं कोणी?" बाबा म्हणाले. "मी आधीपासून सांगतोय, दार लावायची गरजच काय?"

मधली मला बघत होती. वर बघितलं नाही तिने.

जोडणीवाला मान हलवत होता. "नुसतं लावून एवढं होत नाही हो, काका. वायरीने दार अडून राहतं. हे वरून दाबलं गेलंय. दाराला कोणी टेकून उभं राहायचं का?"

बाबांनी आईकडे बघितलं. आईने बाबांकडे बघितलं. मी हे दोन्ही बाजूंनी पाहिलं. नजर सरळ गेली, मध्ये कोणी नव्हतं.

"नाही," बाबा म्हणाले.

"नाही हो," आई म्हणाली. "इथे कोण टेकणार?"

थोरलीच्या लग्नापासून त्या दोघांचं एकमत झालेलं ते पहिलं वाक्य.

मधली उठली. दार थोडं पुढे ओढून त्याच्या बाहेरच्या बाजूला बघितलं. पांढऱ्या रंगावर डोक्याच्या तेलाचे दोन डाग होते. एक वर, एक खाली. ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत उभी राहिली, एखाद्या पुस्तकाचं नाव वाचावं तशी. मग आत गेली. तिने ते पुसले नाहीत. अजून तसेच आहेत.

नवी वायर आली. लांब, पांढरीशुभ्र, चौकटीवरून खिळ्यांनी बसवलेली. मला फेकून देणार होते, पण आईला दोरी हवी होती. आता मी मागच्या गॅलरीत दोन खिळ्यांमध्ये ताणलेली आहे आणि माझ्यावर पायपुसणी वाळतात. आठ तारा, जोडीजोडीने पीळ घातलेल्या, एकीचं दुसरीला कळू नये म्हणून. ओलं फडकं पडलं की मी अजूनही दचकते. ऊन लागतं, कातडी कडक होत चाललीये. फार दिवस टिकेन असं वाटत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

इथून घरातलं ऐकू येतं. दार आता पूर्ण लागतं आणि मधली ते लावून बसते. बाबा हाक मारतात, "मधले, तुझ्या आईला सांग." आतून उत्तर येत नाही. ते थोडा वेळ थांबतात. आई ओट्याशीच असते, तिने ऐकलेलं असतं, तीही थांबते. मग दोघंही आपापल्या कामाला लागतात. नेट अगदी छान चालतं आता. एकदाही गेलेलं नाही.

तुमच्याकडे कधी असं झालंच, नेट येतं आणि जातं, डबे हिरवे आणि माणूस पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजलेला, तर डब्यांशी भांडू नका. कंपनीला फोन करा, दुकानात जा, काय करायचं ते करा. पण आधी एकदा उठून दाराशी जा आणि बघा, त्याला कोण टेकलंय. तुम्हीच असाल, तर बाजूला व्हा.